पुराव्याच्या रकान्यात बेहेरे

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा, एवढं एकच काम मंदाकिनीबाई आपल्या यजमानांवर सोपवून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेल्या होत्या. वीस मिनिटांनी परत आल्या तेव्हा जिन्यातच त्यांना डाळ करपल्याचा वास आला. शेजारचे दोघं जण दार उघडून, नाकाला रुमाल लावून उभे होते. आणि आमचे श्यामसुंदर बेहेरे? कुकरपासून चार हातांवर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दुर्बिणीच्या काचा पुसत आरामात बसले होते.

"अहो! किती शिट्ट्या झाल्या?"

"एकही नाही अजून," बेहेरे म्हणाले. "कुकरची रिंग गेलीय वाटतं. मी मागेच म्हणालो होतो."

मंदाकिनीबाईंनी पुढे होऊन गॅस बंद केला आणि आवाज चढवला. "खालच्या वॉचमननं अकरा मोजल्या," त्या म्हणाल्या. "कुकरचं सगळं शाबूत आहे. गेलेत ते तुमचे कान."

"कान? माझे?" बेहेरे असे काही हसले, की जणू कुणी त्यांना विचारलंय, तुम्हाला साक्षर तरी म्हणावं का.

त्यांच्या हसण्याला आधार होता. दूरध्वनी खात्यातली तीस वर्षं त्यांनी याच कानांवर काढली होती. खरखर नुसती ऐकून बिघाड कुठल्या खांबाजवळ आहे ते सांगायचे. निवृत्तीच्या आधीपासूनच ते कोथरूडच्या रविवार पक्षी मंडळात जात होते, आणि तिथे तर या कानांची कीर्ती काही औरच होती. मंडळाचं एक जाडजूड रजिस्टर होतं. ते सांभाळायचे बद्रीनाथ सर, निवृत्त मुख्याध्यापक. कुठलं पाखरू कधी परतलं, कुठे दिसलं, असे रकाने आखलेले, आणि शेवटचा रकाना पुराव्याचा. फोटो असेल तर नोंद, नसेल तर नाही. "मला दिसला होता हो सर" असं म्हणणाऱ्याला सर म्हणत, "तुम्हाला दिसला, त्याबद्दल अभिनंदन. बसा खाली."

या नियमाला अपवाद एकच. मेच्या अखेरीस नवरंग दक्षिणेकडून परत येतो. हिरवी पाठ, निळे पंख, पोटाखाली कुंकू सांडल्यासारखा लाल, आणि इतका लाजरा, की दाट जाळीतून शीळ ऐकू येते पण पठ्ठ्या डोळ्यांना दिसत नाही. त्याची पहिली शीळ दर वर्षी बेहेरेच टिपायचे. ते चालता चालता थांबायचे, उजवा हात कानामागे धरायचे, आणि सगळं मंडळ जागच्या जागी थिजायचं. मग बेहेरे हळूच म्हणायचे, "आला." गेली एकोणीस वर्षं नवरंगाच्या ओळीत, पुराव्याच्या रकान्यात सरांनी एकच शब्द लिहिला होता: बेहेरे.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकतो, मंडळात कुणाला सांगू नका. एकोणिसावा नवरंग बेहेऱ्यांनी ऐकलाच नव्हता. गेल्या वर्षी ते कानामागे हात धरून उभे राहिले, तर कानात नुसतं सामसूम. तेवढ्यात त्यांच्या पुढे असलेल्या सुदर्शनने झटकन मान वळवलेली त्यांना दिसली. सुदर्शन म्हणजे हडपसरच्या आयटी पार्कमधला पोरगा, गळ्यात तोफेएवढी लेन्स, आणि कान सशाचे. बेहेऱ्यांनी त्या वळलेल्या मानेकडे पाहिलं आणि म्हणाले, "आला." सरांनी लिहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बेहेऱ्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणि आता यंदाचा नवरंगाचा रविवार चार दिवसांवर आला होता.

बेहेरे खालच्या मजल्यावर तात्यारावांकडे गेले. तात्याराव शहाऐंशी वर्षांचे. त्यांना मुलाने नुकतंच नवं कानाचं मशीन आणून दिलं होतं, म्हणजे जुनं मोकळंच असणार, असा बेहेऱ्यांचा हिशेब. दवाखान्यात जाऊन कान तपासायचे, मापाचं मशीन घ्यायचं, म्हणजे मंदाकिनीला कळणार, मग सोसायटीला, मग मंडळाला. त्यापेक्षा रविवारपुरतं उसनं बरं.

तात्याराव दारातच आरामखुर्ची टाकून डुलक्या घेत होते.

"तात्याराव, तुमचं जुनं मशीन द्याल का चार दिवस?"

"काय?"

"मशीन! कानाचं! जुनं!"

"कोण म्हणतंय जुनं? वर्षभरसुद्धा वापरलं नाही! कशाला हवंय?"

बेहेऱ्यांनी वर-खाली पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. "जरा ऐकायला कमी येतंय," ते कुजबुजले.

"काय? अहो मोठ्यानं बोला. नवं मशीन चार्जिंगला लावलंय!"

आता आली का पंचाईत. बेहेऱ्यांनी डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. "मला ऐकू येत नाही! पण कुणाला सांगू नका!"

चार मजली इमारत. दुपारची वेळ. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार हळूच लागलं.

तात्यारावांनी आतून डबी आणून दिली. मशीन कानामागे अडकवायचं, बारीक नळीचं टोक कानात खोचायचं, आणि टोकाला पारदर्शक बोळा. "बोळा माझ्या कानाच्या मापाचा आहे," तात्याराव म्हणाले. "तुमचे कान जरा मोठे आहेत. पण चालवून घ्या. आणि परत देताना पुसून द्या."

बेहेऱ्यांनी न्हाणीघरात जाऊन कडी लावून मशीन लावून पाहिलं. नळ सोडला, तर धबधब्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. बाहेर मंदाकिनीबाई लसूण सोलत होत्या, तेही ऐकू आलं. बेहेऱ्यांना भरून आलं. लसूण सोलताना आवाज होतो हे ते विसरूनच गेले होते.

रविवारी पहाटे मंडळ दोन गाड्यांनी कात्रजचा घाट ओलांडून बोरदऱ्याला पोचलं. गाव लहान. मथुराबाईंच्या रानाला लागून ओढा, ओढ्याच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या आणि जांभळींची राई. नवरंग परतायचा तो याच राईत. मथुराबाई दर वर्षी सगळ्यांना चहा पाजायच्या आणि हसायच्या, "पुण्यात पाखरं मिळंनात व्हय तुमास्नी?"

बेहेऱ्यांनी कानटोपीवर गोल टोपी, अशा दोन टोप्या चढवल्या होत्या.

"मे महिन्यात कानटोपी?" बद्रीनाथ सरांनी विचारलं.

"पहाटेचा गारवा बाधतो हल्ली."

"घाम आलाय तुम्हाला."

"तोच बाधतो."

ओढ्याशी आल्यावर सरांनी नेहमीप्रमाणे नियम सांगितले. "बोलायचं नाही. धावायचं नाही. आणि मोबाईलवर आवाज वाजवून पाखराला फसवून बोलवायचं नाही. तो बिचारा हजार मैलांवरून येतो आणि आपण त्याला खोटा प्रतिस्पर्धी दाखवून धाप लावायची, हे या मंडळात चालणार नाही." हे शेवटचं सगळ्यांनी खाली बघत ऐकलं. तीन वर्षांपूर्वी असं करणाऱ्या एका सभासदाचं नाव सरांनी ओढ्याकाठीच रजिस्टरातून कापलं होतं आणि त्याला एसटीने घरी पाठवलं होतं.

सगळे चालू लागले. बेहेऱ्यांच्या कानात आज नुसती जत्रा भरली होती. बुलबुल, तांबट, सुदर्शनच्या जर्किनची चेन, सरांचे गुडघे. कुठला आवाज कुठून येतोय ते मात्र कळेना, कारण मशीन एकाच कानाला. राईच्या तोंडाशी ते सवयीने थांबले. सवयीने उजवा हात कानामागे गेला.

आणि कानात बारीक, तीक्ष्ण शीळ घुमली. वीऽऽट. हात जरा हलला, तशी खाली उतरली. ट्यू.

आता हे तात्याराव तिथे असते तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. कानात सैल बसलेल्या मशीनजवळ तळहात नेला, की ते बोंबलतं. स्वतःचाच आवाज स्वतः ऐकून कोकलत सुटतं. पण बेहेऱ्यांनी घरी कानामागे हात धरून पाहिला नव्हता. न्हाणीघरात कोण कशाला धरेल? आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना ती शीळ ऐकू आली होती.

"आला," ते म्हणाले.

"ऐकला!" मागून चौघं एकदम कुजबुजले. शीळ त्यांनीही ऐकली होती की.

सुदर्शनच्या कपाळाला आठी पडली. "काका, आवाज जरा वेगळा नाही वाटत?"

"लांबून आलाय," बेहेरे म्हणाले. "घसा बसला असेल."

सरांनी घड्याळ पाहिलं, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं. नवरंग, एक, ओढ्याकाठी. पुरावा: बेहेरे. विसावं वर्ष.

इथेच थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण बेहेऱ्यांना आता नाद लागला. विहिरीपाशी गेले, हात कानाशी, वीऽऽट-ट्यू. "दुसरा," बेहेरे म्हणाले. गोठ्यामागे, वीऽऽट-ट्यू. तिसरा. बांधावर टोपी सारखी करायला गेले, तर चौथा. जांभळीखाली घाम पुसला, पाचवा. बोरदऱ्यात एकाहून जास्त नवरंग कधी कुणी नोंदवले नव्हते.

"पाच!" सुदर्शनने शंका गिळून टाकली आणि मोबाईल काढला. पुण्यातल्या झाडून सगळ्या पक्षीवेड्यांचा एक ग्रुप होता, त्यावर त्याने टाकलं: बोरदरा, नवरंग, पाच नग, या लवकर.

आठ वाजेपर्यंत बोरदऱ्याच्या रस्त्यावर गाड्या लागायला जागा उरली नाही. हडपसरहून आले, कात्रजहून आले, एक जण तर सासुरवाडीचं बारसं सोडून आला. हिरवे-मळकट शर्ट, बारीक खिशांची जाकिटं, आणि प्रत्येकाच्या हातात हातभर लेन्स. मथुराबाईंनी दुसऱ्यांदा चहाचं आधण ठेवलं. "माझ्या थोरल्याच्या लग्नाला बी एवढी मानसं नव्हती," त्या सुनेला म्हणाल्या.

आणि हे सगळे चाळीस जण बेहेऱ्यांच्या मागे. काका थांबले की सगळे थांबणार, काका वळले की सगळे वळणार. बेहेऱ्यांच्या एवढं ध्यानात आलं होतं, की पाचांपैकी एकही नवरंग त्यांनी हात कानाशी नेल्याशिवाय ओरडलेला नाही. पण आता मागे फिरायचं कसं? त्यांनी पुन्हा हात नेला.

वीऽऽट-ट्यू.

"काकांच्या मागेच आहे!" एक जण किंचाळला, म्हणजे कुजबुजत किंचाळला. "काका, हलू नका! अजिबात हलू नका!"

"टोपीच्या वरच्या फांदीवर असणार!"

"मला तर टोपीतूनच आल्यासारखा वाटला!"

बघता बघता बेहेऱ्यांभोवती गोल रिंगण झालं आणि चाळीस लेन्स त्यांच्या डोक्यावर रोखल्या गेल्या. बेहेरे जांभळीखाली पुतळ्यासारखे उभे. पायजम्यातून एक मुंगळा वर चढत होता. तो गुडघ्यापर्यंत आला, पुढे निघाला, तरी बेहेरे हलले नाहीत.

ते रिंगण भेदून कुणी आत आलं असेल, तर त्या मथुराबाई. हातात किटली, दुसऱ्या हातात कप. त्यांनी बेहेऱ्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. बेहेऱ्यांनी हसून मान डोलावली. मथुराबाई समजल्या. वळसा घालून उजव्या कानाशी आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "बाबा, तुमचं मशीन कोकलतंय. आमच्या मामंजींचं बी असंच करायचं. हात लावला की वरडायचं."

पाच नवरंग. चाळीस माणसं. बारसं सोडून आलेला तो. त्यांनी घाईघाईने टोपीत बोटं घातली आणि मशीनची कळ बंद केली. शीळ थांबली. त्याबरोबर बुलबुल थांबले, माणसं थांबली, सगळं जग थांबलं.

आणि नेमकं हेच सुदर्शनने पाहिलं.

"एक मिनिट," तो म्हणाला. "काकांनी टोपीत हात घातला आणि आवाज बंद. पुन्हा हात कानाशी नेला की चालू. सर, यांच्या कानात ब्लूटूथ आहे!"

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे काका मोबाईलवरून पाखराचा कॉल वाजवतायत!"

पक्षीवेड्यांमध्ये यापेक्षा मोठं पाप नाही. चोरी-मारी करा एक वेळ. सर पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता आणि आवाजही. "बेहेरे," ते म्हणाले, "हा पोरगा म्हणतोय ते खरं आहे? तुम्ही आवाज वाजवत होतात?"

बेहेऱ्यांना यातलं काहीही ऐकू आलं नाही. समोर सरांचे ओठ हलताना दिसले. आपल्याला काहीतरी विचारलंय एवढं कळलं, आणि गेली दोन वर्षं लग्नात, बँकेत, दुधाच्या रांगेत ते जे करत आले होते तेच त्यांनी केलं. प्रेमळ हसले आणि होकारार्थी मान डोलावली.

"एकोणीसही वर्षं?" सरांनी विचारलं.

बेहेऱ्यांनी अजून प्रेमळ हसून दोनदा मान डोलावली.

मग सरांनी रजिस्टर उघडलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि आजच्या ओळीवर आडवी रेघ ओढली. ती बेहेऱ्यांना दिसली. सरांनी पान उलटलं. गेल्या वर्षीचं. पेन टेकलं. बेहेऱ्यांचं हसू जागच्या जागी विरलं. सर त्याच्याही मागचं पान शोधत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. बद्रीनाथ सरांच्या डोळ्यांत पाणी या मंडळात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बेहेऱ्यांनी चाचपडत कळ दाबली. जग एकदम परत आलं.

"...विश्वासानं लिहिलं हो मी," सर म्हणत होते. "फोटो मागितला नाही कधी. आणि तुम्ही डबा वाजवून फसवत होतात? मला आणि पाखरालाही?"

"नाही!" बेहेरे एवढ्या मोठ्याने ओरडले, की स्वतःच दचकले. "सर, थांबा. पेन ठेवा. पाखराला नाही फसवलं मी. कधीच नाही."

"मान कुणी डोलावली मग?"

बेहेऱ्यांनी आधी गोल टोपी काढली. मग कानटोपी काढली. घामाने केस चिकटले होते. कानामागचं मशीन चाळीस जणांना दिसलं.

"हे ब्लूटूथ नाही," ते म्हणाले. "कानाचं मशीन आहे. माझंही नाही, तात्यारावांचं आहे. सैल बसतं म्हणून ओरडतं. ते पाच नवरंग म्हणजे हेच. मान डोलावली, कारण बंद होतं आणि तुम्ही काय विचारलंत ते मला कळलं नाही. मला ऐकू येत नाही हो. दोन वर्षं झाली."

कुणी बोललं नाही. बेहेऱ्यांना वाटलं, मशीन परत बंद पडलं की काय.

"आजची रेघ राहू द्या," ते पुढे म्हणाले. "गेल्या वर्षीचीही मारा. तो नवरंग मी ऐकला नव्हता. सुदर्शननं मान वळवली, ती बघून मी 'आला' म्हटलं. तो नवरंग याचा. त्याच्या आधीचे अठरा मात्र माझे आहेत सर. अगदी शिळेनिशी आठवतात. तेवढे राहू द्या."

सुदर्शनचा चेहरा कावराबावरा झाला. "काका, मला वाटलं तुम्ही आधी ऐकलात. तुम्ही म्हणालात म्हणून मी धरलं, की तो नवरंग होता."

"आधी तूच ऐकलास रे. मला तुझी मान आठवतेय."

बेहेऱ्यांनी मशीन कानातून काढलं आणि तळहातावर धरून सरांसमोर केलं, पुरावा म्हणून. पुन्हा सगळं सामसूम. सर त्या तळहाताकडे बघत राहिले. काहीतरी बोलले. मग बोलता बोलता थांबले. सुदर्शनने मान वळवली. त्याच्या मागच्याने वळवली. एकामागून एक चाळीस माना एकाच बाजूला वळल्या.

बेहेऱ्यांनीही वळून पाहिलं.

दोन हातांवर, करवंदीच्या खालच्या फांदीवर तो बसला होता. हिरवी पाठ, निळे पंख, पोटाखाली लाल. बेहेऱ्यांनी आयुष्यात इतक्या जवळून तो पाहिला नव्हता. त्याने मान मागे टाकली, चोच आभाळाकडे उघडली, गळा फुगला आणि थरथरला. पुन्हा चोच उघडली. पुन्हा गळा थरथरला. आणि बेहेऱ्यांना काहीही ऐकू आलं नाही.

तेव्हा मात्र त्यांना लाज-बीज काही राहिली नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी मशीन कानामागे अडकवलं, बोळा कानात कोंबला आणि वर हाताने दाबून धरला. मशीन जोरात कोकललं. वीऽऽट-ट्यू! नवरंगाने मान तिरकी करून बेहेऱ्यांकडे पाहिलं. हा कोण नवा, असंच त्याला वाटलं असावं. त्याने फांदीवर उडी मारली, छाती पुढे काढली, आणि उत्तर दिलं.

ती शीळ. स्वच्छ, भरदार, दोन सुरांची. बेहेरे ती ऐकत उभे राहिले आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. मथुराबाईंनी किटली हळूच खाली ठेवली.

चाळीस लेन्स खटाखट वर झाल्या, आणि चाळीस तोंडांतून एकदम "च्" निघालं. पन्नास हातांवरची चिमणी टिपायची ती यंत्रं. दोन हातांवरचं पाखरू त्यांच्या नजरेत मावेना. प्रत्येकाच्या पडद्यावर हिरवा-निळा ढग तेवढा उमटला. सगळे लगबगीने मागे सरकले, तर कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला, काटकी मोडली, आणि नवरंग जाळीत दिसेनासा झाला.

"फोटो?" सरांनी विचारलं.

कुणाकडेच नव्हता. बारसं सोडून आलेला मटकन खाली बसला.

सरांनी रजिस्टरातलं नवं पान काढलं आणि निळं पेन घेतलं. "बेहेरे," ते मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "नवरंगच ना?"

"ओरडू नका, आता ऐकू येतंय," बेहेरे म्हणाले. "नवरंगच. एक."

सरांनी ओळ लिहिली. मग मागचं पान उलटून गेल्या वर्षीच्या ओळीतलं 'बेहेरे' खोडलं आणि 'सुदर्शन' लिहिलं. ते झाल्यावर रजिस्टर बेहेऱ्यांपुढे धरलं. आजच्या ओळीत, पुराव्याच्या रकान्यात लिहिलं होतं: बेहेरे, यंत्रासह.

"माझे अठरा?" बेहेऱ्यांनी विचारलं.

"त्यांना कोण हात लावतंय?" सर म्हणाले, आणि जरा घुटमळून खालच्या आवाजात म्हणाले, "हे कुठे मिळतं हो? तुम्ही मघाशी 'आला' म्हणालात, तेव्हा बाकीच्यांनी शीळ ऐकली. मी नुसतं लिहून घेतलं."

दुपारी बेहेरे घरी आले ते मशीन उघड्यावर मिरवतच. मंदाकिनीबाईंना त्यांनी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, तात्यारावांच्या दारापासून. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"तुला धक्का नाही बसला?" बेहेऱ्यांनी विचारलं.

"मला बुधवारीच कळलं. चारी मजल्यांना कळलं. तुम्ही काय हळू बोललात का? मी मंगळवारची वेळ घेऊन ठेवलीय दवाखान्यात, तुमच्या मापाचं बघायला."

"आणि मी नाही म्हणालो असतो तर?"

"मान डोलावली असतीत. नेहमीसारखी."

बेहेरे हसले. त्यांना आज फार बरं वाटत होतं. मंदाकिनीबाईंनी कुकर चढवला, तेव्हा ते स्वतःहून म्हणाले, "तू बस बाहेर. मी बघतो शिट्ट्या." त्या बघत राहिल्या, पण बसल्या बाहेर जाऊन. बेहेरे कुकरपासून चार हातांवर, खुर्चीवर ताठ बसले. एवढासाही आवाज सुटायला नको, म्हणून सवयीने उजवा हात कानामागे धरला. पहिली शिट्टी आली, खणखणीत. थोड्या वेळाने दुसरी. लगेच तिसरी. बेहेऱ्यांनी उठून रुबाबात गॅस बंद केला.

जेवताना मंदाकिनीबाईंनी पहिला घास तोंडात घातला. कटकन आवाज आला. तो बेहेऱ्यांनाही ऐकू आला.

"किती मोजल्यात?" त्यांनी विचारलं.

"तीन. अगदी नीट मोजल्या."

"बाहेर मी पण मोजत होते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "दोन कुकरच्या होत्या. तिसरी तुमची."

बेहेऱ्यांनी ताटातल्या भाताकडे पाहिलं. मग हात कानाशी न नेता, मुकाट्याने तो कच्चा भात शेवटच्या शितापर्यंत चावून खाल्ला.